मुठीचं माप

एकतीस वर्षं मी तुर्भ्याच्या दाणा बाजारात मापाडी होतो.
गोणी पाहून वजन सांगायचो,
काटा नंतर हो म्हणायचा.
म्हणून निवृत्त झाल्यावर मंडळीनं
मुठीच्या तांदळाचा हिशेब माझ्याकडे दिला.

कोपरखैरण्यात, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
आमची उपासना. महिन्याच्या पहिल्या रविवारी
बाया पिशव्या घेऊन येतात.
रोज भात लावताना घेतलेल्या तांदळातून
एक मूठ परत काढायची,
"लेकरांच्या नावानं" म्हणायचं, डब्यात टाकायची.
कोलम, इंद्रायणी, रेशनचा जाड, कुणाची बासमती कणी,
सगळं एका टबात.
असा मिसळलेला माल बाजारात मी उभा केला नसता.
इडलीवाला मुरुगेशन घेतो.
भिजल्यावर सगळे सारखेच, म्हणतो.
किलोमागे दोन रुपये जास्त देतो, का ते सांगत नाही.

ते पैसे जातात मलावीला.
तिथं आमची प्रिस्किल्ला आहे, घणसोलीच्या रणदिव्यांची.
नर्स. सायकलला बांधलेली औषधाची पेटी.
नाम्बेरा नावाचं गाव.
जानेवारीत जुना मका संपतो आणि नवा
नुसता कंबरेएवढा हिरवा उभा असतो,
त्या मधल्या आठवड्यांत ती घरं मोजते :
एस्नात, वय अंदाजे सत्तर, मुलगा-सून दोघं गेली,
चार नातवंडं, एक बकरी, छपराला मेणकापड हवं.
मी इथं वहीत लिहितो : एस्नात, मका, पन्नास किलो.
पुढे बरोबरची खूण.
सहा वर्षं. वही नीट. मी समाधानी.

नाताळाच्या आधी प्रिस्किल्लाचा फोन आला.
शलमोनकाका, एस्नात एक विचारतेय,
दोनदा विचारलं, आता टाळता येईना.
ज्या बाया मूठ काढतात
त्यांच्या घरी त्या रात्री
कोण कमी जेवतं?

मी म्हटलं, आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.

मला राहेलची पिशवी आठवली.
तुर्भे स्टोअरला भंगार निवडते,
हातावर कायम तारेचे ओरखडे,
तीन पोरी, नवरा असून नसल्यासारखा.
रोजच्या मुठीचे महिन्याला होतात
दीड किलो, फार तर.
हिच्या पिशवीत पावणेतीन. दर महिन्याला.
काटा मला सांगत होता
आणि मी नुसता आकडा ऐकत होतो :
पावणेतीन. प्रभूची स्तुती. पुढच्या बाई.

फोनवर मी तिचं नाव घेतलं. एवढंच.

मार्चमध्ये प्रिस्किल्ला सुट्टीवर आली.
चितेंजेच्या फुलाफुलांच्या चिंधीत बांधलेली गाठ
तिनं माझ्या टेबलावर ठेवली.
राहेलला द्या म्हणालीय.
आत भुईमुगाचे दाणे, बारके, लालसर,
बियाण्याला राखलेले असावेत,
एकही किडका नाही.
सवयीनं मी काट्यावर ठेवले.
बाजारातला जुना काटा तो,
शंभर ग्रॅमच्या आत हलत नाही.
हलला नाही.

राहेलनं गाठ सोडली. मोजले नाहीत.
एक धाकटीच्या तोंडात घातला,
थोडे आम्हा सगळ्यांना वाटले, पोरीचं लग्न ठरल्यासारखे,
उरलेले कनवटीला.
रंगाच्या डब्यात पेरते, म्हणाली.
मग जिना उतरता उतरता थांबली :
"काका, त्या म्हातारीला सांगा, मी जेवते.
खोटं असलं तरी सांगा."

यादीत तुझं नाव घालू का, विचारलं मी.
पुढच्या रविवारी तिची पिशवी
आणखी जड.

वहीत एक पान आहे आता, वर तारीख घातलेली.
जमा लिहू की खर्च, ठरत नाही.
शिवणीजवळ एका दाण्याचं लाल साल अडकलंय.
वही झटकली तरी पडत नाही.